शनिवारीच सगळं रांधावं, की त्या त्या वेळी ताजं करावं?

शनिवार-रविवार घरीच काढायचा, बाहेरून काही मागवायचं नाही, दोन्ही दिवस घरचंच जेवायचं, एवढं शुक्रवारी रात्री ठरतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. शनिवारी सकाळी ओट्याशी उभं राहून दोन दिवसांचं सगळं एकदम करून मोकळं व्हायचं, की भूक लागेल तसं त्या त्या जेवणाला ताजं करायचं? मी दोन्ही पद्धतींनी बरेच शनिवार-रविवार काढले आहेत. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघते.

सगळं एकदम करणारे पहिल्यांदा वेळ वाचतो असं सांगतात. तो मुद्दा मला फारसा पटत नाही. दोन दिवसांची चार मोठी जेवणं धरली तर ताजं करताना दर वेळी माझा साधारण सव्वा तास जातो, म्हणजे एकूण पाच तास. एकदम करताना शनिवारचे साडेतीन तास, आणि पुढच्या तीन जेवणांना गरम करणं, वाढणं, आवरणं मिळून वीस-वीस मिनिटं. हिशोब साडेचार तासांचा झाला. वाचला जेमतेम अर्धा तास! खरा फायदा दुसरीकडे आहे. सहा कांदे चिरायला दोन कांद्यांच्या तिप्पट वेळ लागत नाही, ओटा एकदाच पुसावा लागतो, आणि ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न चारदा न पडता एकदाच पडतो.

उलट ताजं करणाऱ्याचे कष्ट पसरलेले असतात. सलग तीन-चार तास उभं राहून पाय भरून येत नाहीत, पण दुपारी पुस्तक घेऊन आडवं झालं की पाच वाजता मन स्वयंपाकघराकडे धावायला लागतं. म्हणून वेळ मोजण्याआधी सुट्टी नेमकी कशापासून हवी आहे ते स्वतःला विचारावं. आठवडाभर बसून दहा गोष्टी ठरवाव्या लागत असतील, तर डोकं रिकामं ठेवणारी एकदमची पद्धत बरी. आठवडाभर उभ्यानं काम असेल, तर सुट्टीची सकाळ पुन्हा उभ्यानं घालवू नका.

यात आणखी एक बाजू आहे आणि ती मला जिव्हाळ्याची वाटते. घरात एकच माणूस रोजचा स्वयंपाक करत असेल, तर त्याला शनिवार-रविवार हा वेगळा दिवस उरतच नाही. ‘ताजं ताजं करू’ हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, तरी चार वेळा उठतं तेच एक माणूस. एकदम करायचं ठरलं की काम दिसतं, वाटता येतं. एकानं सोलायचं, एकानं चिरायचं, एकानं भांडी घासायची. अकरा वाजेपर्यंत सगळे ओट्याभोवती आणि नंतर सगळेच मोकळे. रांधणाऱ्या माणसाला रविवार खरोखर मोकळा द्यायचा असेल, तर माझं मत एकदमच्या बाजूनं.

चवीकडे आलं की मात्र दोन्ही पद्धतींचा कस लागतो, कारण काही पदार्थ ठेवल्यानं मुरतात आणि काही ठेवल्यानं मरतात.

मुरणाऱ्यांत कडधान्यं पहिली. राजमाच घ्या. शुक्रवारी झोपण्याआधी भिजत घालायचा, पाण्यात चमचाभर मीठ टाकायचं. मिठानं दाणे टणक राहतात असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यातल्या मिठानं सालं लवकर मऊ होतात आणि फुटायची कमी होतात. दाणे कडक ठेवतो तो टोमॅटो. आंबट पदार्थ आधी पडला तर दाणे तासन्‌तास शिजत नाहीत, म्हणून टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच. सकाळी ते पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळू द्यायचं. हे चवीसाठी नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. खळखळत्या उकळीनं ते नष्ट होतं, पण नुसत्या कोमट-गरम आचेवर अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट भिजलेला राजमा टाकून दिवसभर ठेवणाऱ्यांनी एवढं नक्की ध्यानात ठेवावं.

असा शिजलेला राजमा शनिवारी दुपारी चांगला लागतो आणि रविवारी दुपारी त्याहून चांगला. रात्रभरात मीठ-मसाला दाण्यांच्या आत उतरतो, दाण्यांतला स्टार्च बाहेर येऊन रस्सा दाट होतो. रविवारी झाकण उघडून चमचा फिरवला की आदल्या दिवशी वेगळं दिसणारं पाणी कुठेच दिसत नाही, रस्सा चमच्याला धरून राहतो. हाडाच्या मांसाच्या रश्श्याचंही असंच. मांसातले चिवट धागे दोन-तीन तासांच्या मंद आचेवर विरघळतात, थंड झाल्यावर रस्सा जेलीसारखा गोठतो आणि वर तुपासारखा थर जमतो. हवा तेवढा काढून टाकता येतो. दाट सूप, टोमॅटोची घट्ट ग्रेव्ही, पावासाठी भिजवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेलं पीठ, हे सगळं या बाजूचं. थंडीत सावकाश फुगलेल्या पिठाच्या पावाला जी चव येते, ती दोन तासांत फुगवलेल्याला येत नाही.

दुसरी बाजू मरणाऱ्यांची. पालेभाजी दुसऱ्यांदा गरम केली की हिरवी राहत नाही, शेवाळी होते. मासे पुन्हा तापवले की घरभर वास आणि ताटात चोथा. तळलेलं तर अर्ध्या तासातच नरम, कारण आतली वाफ कवचात शिरते. उकडलेले बटाटे फ्रिजमधून काढले की रवाळ लागतात. अंडी, कच्च्या भाज्यांचं सॅलड, भाजलेली कुठलीही गोष्ट, यांना ठेवण्याचा प्रयोगसुद्धा करू नये. भाजलेल्या पावाबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. तो फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार असेल तर कापडात गुंडाळून बाहेर, नाहीतर काप करून थेट फ्रीझरमध्ये.

भातासाठी वेगळा परिच्छेद लिहिते आहे, कारण एकदम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. तांदळात असलेले काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही तापवलं तरी जात नाही. वास मात्र अजिबात येत नसतो. म्हणून ‘वास आला तर टाकू’ हा नियम भाताला लावू नका. आमच्याकडे एकदा सकाळचा भात संध्याकाळपर्यंत पातेल्यात तसाच राहिला, चांगला दिसत होता म्हणून परतून खाल्ला आणि रात्र सगळ्यांनी जागून काढली. त्यानंतर मी भात ठेवण्यासाठी करतच नाही, दर वेळी ताजा लावते. वीस मिनिटांचं तर काम आहे.

बाकीच्या पदार्थांनाही नियम तोच, फक्त थोडा सैल. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्यात एका तासात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधला पट्टा जिवाणूंच्या आवडीचा, तो लवकर ओलांडायचा. मोठं खोल पातेलं ओट्यावर ठेवून दिलं तर मधला रस्सा पाच-सहा तासांनीही गरम सापडतो. तोच रस्सा तीन पसरट डब्यांत, दोन इंचांहून कमी उंचीवर ओतला की झपाट्यानं निवतो. शनिवारी दुपारी जेवायला बसण्याआधी हे डबे भरून ठेवायचे, जेवण होईतो ते फ्रिजमध्ये ठेवण्याजोगे झालेले असतात. काढताना लागेल तेवढंच काढायचं आणि चांगली वाफ येईपर्यंत तापवायचं. एकच पातेलं चार वेळा गरम-गार करणं सोडाच. आणि तीन-चार दिवसांत संपणार नसेल तर सरळ फ्रीझर.

ज्यांना एवढी शिस्त नको वाटते त्यांनी ताजं करण्याचा मार्ग धरावा, त्यात काही कमीपणा नाही. ताज्यात डब्यांचं नियोजन नाही, फ्रिजमध्ये जागा करायला नको, आणि शनिवारी संध्याकाळी अचानक वेगळंच काही खावंसं वाटलं तर ठरलेलं आड येत नाही. एकट्या माणसाला तर मी हेच सुचवेन. एकट्यानं राजम्याचं मोठं भांडं केलं की मंगळवारपर्यंत तोच राजमा समोर येतो आणि मग तो नकोसा होतो.

ताज्याची खरी मजा मला कांदा परतताना कळते. उभे पातळ चिरलेले चार कांदे, जाड बुडाची कढई, थोडं तेल, मध्यमपेक्षा कमी आच. पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी सुटतं. मग कढई कोरडी होते, चुरचुर आवाज बदलतो, कडा पिवळ्या होतात. पंचविसाव्या मिनिटाला घाई झाली आणि आच वाढवली तर काही तुकडे काळे, काही पांढरे. धीर धरला, बुडाला चिकटलेलं चमचाभर पाण्यानं सोडवत राहिलं, तर चाळिसाव्या मिनिटाला चार कांद्यांचा मूठभर तपकिरी, गोड, चमकदार गोळा होतो. आठवड्यातल्या संध्याकाळी ही चाळीस मिनिटं कुणाकडे नसतात. शनिवारी असतात, आणि शेजारी गप्पा मारायला कुणी उभं असलं तर ती कशी गेली कळतही नाही. एकदम करण्याच्या गडबडीत, चारही शेगड्या पेटलेल्या असताना, हे जमत नाही. हा तोटा छोटा नाही.

प्रेशर कुकर की जाड बुडाचं भांडं, हाही प्रश्न मला विचारला जातो. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ मध्ये वाफ कोंडून ठेवणारं भांडं तयार केलं ते हाडं मऊ करण्यासाठीच, आणि आजही कुकर तिथेच सरस आहे. आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं आणि कडधान्यं निम्म्याहून कमी वेळात शिजतात. पण झाकण बंद असल्यानं चव घेता येत नाही, रस्सा आटत नाही. एकदम करणार असाल तर कुकर हवाच. ताजं, सावकाश करणार असाल तर जाड बुडाचं भांडं पुरे.

तर मग घर बघून ठरवा. लहान मुलं आहेत, भूक वेळ सांगून येत नाही, तर एकदम. एकटे आहात तर ताजं. दोघंच आहात आणि दोघांनाही रांधायला आवडतं, तर ताजंच, आणि तेही दोघांनी मिळून. पाहुणे रविवारी येणार असतील तर मुख्य पदार्थ शनिवारी करून ठेवा. तो चवीला वरचढ होईल आणि तुम्ही पाहुण्यांत बसाल.

मी स्वतः आता पूर्ण एका बाजूची राहिलेली नाही. मुरणारं एकच मोठं भांडं शनिवारी सकाळी, बाकी सगळं त्या त्या वेळी. शुक्रवारी रात्री राजमा भिजतो, पावाचं पीठ फ्रिजमध्ये जातं. शनिवारी रस्सा होतो, दुपारी भाताबरोबर जेवतो, उरलेला पसरट डब्यांत भरतो. संध्याकाळी फक्त अंडी आणि सॅलड. रविवारी सकाळी मुलगी पीठ बाहेर काढते, दोन तास तसंच ठेवते आणि बोटानं दाबून बघते. खळगा सावकाश भरून आला की पाव भाजायला जातो. तो गरम असतानाच कापू नये हे तिला माहीत आहे, तरी पहिला काप ती तेव्हाच कापते, आणि कालचा रस्सा गरम होईपर्यंत तो संपलेला असतो.