खाऱ्या हवेत पंधरा महिने: अक्रोडाचा दस्ता की ॲल्युमिनियमचा?

रत्नागिरीत राहून ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारासाठी ०.२२ बोअरची बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) रायफल घ्यायचे ठरवले, तेव्हा माझ्यासमोर दोन पर्याय होते. दोन्हींची नळी, बोल्ट आणि ट्रिगर एकाच जर्मन कारखान्याचे होते. फरक होता तो दस्त्याचा, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला लावतात त्या भागाचा. पहिल्या रायफलीला अक्रोडाच्या लाकडाचा, नेमबाजाच्या हाताच्या आणि गालाच्या मापाने तासून दिलेला दस्ता होता. दुसरीचा दस्ता ॲल्युमिनियमचा होता आणि त्यावरचे गालपट, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) व हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा टेकू) हे भाग आपण निवडून जोडून घ्यायचे होते. अशा अर्ध्या कारखान्याच्या आणि अर्ध्या आपल्या मापाच्या रायफलीला नेमबाज सेमी-कस्टम म्हणतात. मी ॲल्युमिनियमची घेतली. योगायोगाने आमच्या क्लबातील एका स्नेह्यांनी त्याच महिन्यात अक्रोडाची घेतली, त्यामुळे गेले पंधरा महिने, म्हणजे दोन पावसाळे, या दोन्ही रायफली शेजारशेजारच्या लेनमध्ये चालताना मला पाहता आल्या आणि त्यांच्या देखत त्यांची रायफल अनेकदा चालवताही आली.

गावात रायफल म्हटली की पहिला प्रश्न डुकरांचा येतो, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी मिळू शकते, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि माझ्या रायफलीचा तिच्याशी काही संबंध नाही. माझा परवाना रायफल क्लबचा सभासद म्हणून केवळ लक्ष्यवेधाच्या सरावासाठी आहे. शिवाय ०.२२ ची गोळी छोटी दिसली, तरी तिच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना असते, आणि आमच्याकडे कलमांच्या बागेपलीकडे दीड मैलात किती घरे येतात हे ज्याचे त्याने मोजावे. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, त्यामुळे आजोबांची जुनी काडतुसाची बंदूक आता जमा करावी लागेल, असे मला अनेकांनी छातीठोकपणे सांगितले होते. मुळात बंदूक आणि रायफल मिळून दोनच होतात; शिवाय मान्यताप्राप्त क्लबाच्या सभासदाच्या सरावाच्या ०.२२ रायफलीला ती मर्यादा लागू होत नाही, हे कायद्याचे कलम ३ स्वतः वाचल्यावरच कळले.

आता मूळ मुद्दा. ५० मीटरवरील लक्ष्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर बाहेर सरकते. म्हणजे रायफलीचा झिरो (नेम धरल्या जागीच गोळी लागेल अशी जुळणी) आठ-नऊ मिलिमीटर हलला, तर नेम अचूक धरूनही दहाचे नऊ होतात, आणि प्रोनमध्ये साठ गोळ्यांच्या मालिकेत चुकीला जागा जवळजवळ नसतेच. चांगल्या नळ्यांमध्ये तेवढा फरक आढळत नाही. आमच्या दोन्ही रायफली योग्य लॉटची (कारखान्याच्या खेपेची) गोळी मिळाली की दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, वीस मिलिमीटरच्या आत ठेवतात. झिरो हलतो तो नळी आणि ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग) जिथे दस्त्यात बसतात तिथून.

लाकूड हवेतील ओल शोषते आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ बदलत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे मेअखेरीस कोरडा ठणठणीत वाटणारा दस्ता जुलैत निराळी वस्तू झालेला असतो. स्नेह्यांच्या रायफलीत ॲक्शनखाली इपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे राळेची घट्ट बैठक, होते आणि नळी दस्त्याला कुठेही टेकत नव्हती, म्हणजे काम चांगलेच केलेले होते. तरीही पहिल्या जुलैत त्यांच्या ग्रुपचा मध्य खाली-डावीकडे नऊ मिलिमीटर सरकला. फुगलेल्या लाकडाने ॲक्शनच्या स्क्रूंवर ताण वाढवला होता. पुढे फेब्रुवारीत लाकूड आकसले, तेव्हा तेच स्क्रू पाव फेरा ढिले सापडले. मग आम्ही टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच स्क्रू आवळणारा पाना) घेतला, स्क्रू पाच न्यूटन-मीटरवर बांधायचे ठरवले आणि दर पंधरवड्याला तपासू लागलो. बेडिंगमध्ये पिलर बसवून घेतल्यावर, म्हणजे स्क्रूचा ताण लाकडाऐवजी धातूच्या नळकांड्यांनी पेलायला लागल्यावर, दुसऱ्या पावसाळ्यात हे सरकणे चार मिलिमीटरवर आले, पण थांबले नाही.

याहून त्रासदायक ठरला तो प्रवास. स्पर्धेच्या सरावासाठी आम्ही आंबा घाटाने कोल्हापूरला जातो. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवल्यापासून तिथे सकाळच्या लेनसाठी थांबावे लागते, त्यामुळे मिळालेला वेळ झिरो शोधण्यात घालवणे परवडत नाही. जानेवारीतल्या कोल्हापूरच्या कोरड्या हवेत अक्रोडाचा दस्ता लगेच बदलत नाही. तो तिसऱ्या दिवशी बदलतो, म्हणजे नेमका आपण निर्धास्त झाल्यावर. माझ्या रायफलीचा झिरो किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर गेल्यावर नेमदर्शकाच्या दोन-तीन क्लिकपलीकडे (बारीक टप्प्यांपलीकडे) कधीच हलला नाही, आणि तो फरकही मला दस्त्यापेक्षा उजेडाचा वाटतो.

याचा अर्थ ॲल्युमिनियमने त्रास दिला नाही असा मुळीच नाही. खाऱ्या हवेत पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांचे जमत नाही; दोन निराळे धातू, मध्ये मिठाची ओल, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्ले जाणारच. सप्टेंबरमध्ये गालपटाचा एक स्क्रू पांढऱ्या भुकटीने असा आवळला गेला की किल्लीने त्याचे डोकेच झिजले. शेवटी गालपट सुटे काढून मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे नेले. त्यांनी स्क्रू ड्रिल करून काढला आणि म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे ग्रीस लावल्याशिवाय कोण बोल्ट घालतो का?" रायफलीच्या जाडजूड पुस्तिकेत ही एक ओळ नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक स्क्रू काढून, आटे पुसून, सागरी ग्रीस लावून परत बसवला. दुसऱ्या पावसाळ्यात एकही अडकला नाही. शिवाय जिथे दस्त्यावरचा ॲनोडाइज्ड थर खरवडला गेला आहे, तिथे बारीक खड्डे पडू लागले आहेत. ती जागा मी नेलपेंटने झाकली आहे, आणि हा उपाय शोभेचा नाही हे मला मान्य आहे.

गंजाबद्दल एक आश्चर्य नोंदवतो. नळीच्या आतल्या बाजूची मला सर्वांत जास्त धास्ती होती, पण ०.२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणचट वंगण असते आणि त्याचा पातळ थर नळीत राहतो, त्यामुळे आतून ती स्वच्छ राहिली. गंज धरला तो बोल्टच्या तोंडाला, डायॉप्टरच्या (मागच्या, बारीक भोकाच्या नेमदर्शकाच्या) छोट्या स्क्रूंना आणि अक्रोडाच्या रायफलीत नळीच्या खालच्या, लाकडाकडच्या बाजूला, जिथे ओल कोंडते आणि डोळ्यांना दिसत नाही. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, हे रंगकाम आहे, कवच नव्हे; तेलाचे बोट न फिरवता दोन दिवस गेले तर आमच्या हवेत तांबूस ठिपके येतातच. मखमली अस्तराची पेटी तर पावसाळ्यात वापरूच नये. मी कुलूपबंद लोखंडी कपाटात रायफल उभी ठेवतो आणि आईच्या साड्यांच्या कपाटात असायचा तसा पंधरा वॅटचा बल्ब खाली रात्रंदिवस जळत ठेवतो. सिलिका जेल वापरून पाहिले, पण जुलैत ते चार दिवसांत दमते. चामड्याचा स्लिंगपट्टा (रायफल दंडाच्या आधाराने धरायचा पट्टा) बुरशीमुळे टाकून दिला. कृत्रिम धाग्याचा पट्टा हाताला कमी आवडतो, पण टिकतो.

हातात धरण्याच्या सुखात अक्रोड सरळ जिंकतो. गोळी सुटल्यावर लाकडाचा धक्का मऊ आणि आवाज बसका वाटतो, तर माझा दस्ता टणत्कारतो. एप्रिलच्या उन्हात तो गालाला चटका देतो, म्हणून मी गालपटावर पातळ कापड चिकटवले आहे. मात्र वजनाचे गणित माझ्या बाजूचे निघाले: आठ किलोच्या मर्यादेत राहून वजने पुढे-मागे सरकवता येतात, आणि चाळिशीत उंची न बदलली तरी मान बदलते, तेव्हा गालपट चार मिलिमीटर वर घ्यायला सुताराकडे जावे लागत नाही.

घाटमाथ्यावर, वर्षभर एकाच रेंजवर चालवणाऱ्याने अक्रोड घ्यावा; मीही तिथे असतो तर तोच घेतला असता. किनाऱ्यावर राहणाऱ्याला लाकूडच हवे असेल, तर एकसंध अक्रोडाऐवजी राळेने जोडलेल्या थरांचा लॅमिनेटेड दस्ता मागवावा आणि पिलर बेडिंग खरेदीच्या वेळीच करून घ्यावे, कारण नंतर करून घेताना स्नेह्यांची रायफल सात आठवडे कार्यशाळेत पडून राहिली आणि त्यांची एक स्पर्धा गेली. ॲल्युमिनियम घेणाऱ्याने रायफलीसोबतच टॉर्क रेंच आणि ग्रीसची डबी आणावी. माझे गालपट अजून तीनच स्क्रूंवर उभे आहे; चौथ्याचे आटे मिस्त्री मृगाच्या आधी नव्याने पाडून देणार आहेत.