वही, फोनचं कॅलेंडर की सॉफ्टवेअर? दातांच्या दवाखान्यातल्या अपॉइंटमेंटबद्दल

दोन चेअर, एक पूर्णवेळ डॉक्टर, तारांचे आणि सर्जरीचे डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येणार, आणि रिसेप्शनला एकच व्यक्ती. अशा क्लिनिकमध्ये मी तिन्ही प्रकार वापरून झालो आहे: आधी जाड वही, मग सगळ्यांच्या फोनवर दिसणारं साधं कॅलेंडर, आणि आता दातांच्या दवाखान्यांसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर. कशात काय काय सोयी आहेत त्याची यादी कुठेही मिळेल, म्हणून ती इथे देत नाही. रोज हाताळताना काय खुपतं तेवढंच सांगतो.

वहीला उगाच नावं ठेवली जातात. पान उघडलं की अख्खा दिवस एका नजरेत दिसतो. फोन खांद्यात धरून पेन्सिल चालवता येते, लॉगिनची भानगड नाही, नेट गेलं तरी काम अडत नाही. शिवाय मुरलेली रिसेप्शनिस्ट वहीत जे करते ते एकाही सॉफ्टवेअरला आपणहून जमलेलं मी पाहिलेलं नाही. आडवी अक्कलदाढ असेल तर ती पुढची जागा न सांगता मोकळी सोडते. मधुमेहाच्या पेशंटला नाश्ता आणि गोळी झाल्यानंतरची सकाळची वेळ देते. लहान मुलाला त्याच्या झोपेच्या वेळी बोलवत नाही.

कॅलेंडर फुकट आहे आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना घरबसल्या आपला दिवस कळतो, हा मोठाच फायदा. पण त्याला एका कामाचा एकच माणूस आणि एकच वेळ कळते. आपल्याकडे तसं नसतं. खालच्या दाढेसाठी ब्लॉक, म्हणजे त्या बाजूची नस बधिर करणारं इंजेक्शन, दिला की भूल चढायला 5 ते 10 मिनिटं जातात. त्या वेळात चेअर अडकलेली, डॉक्टर मात्र मोकळा. तेवढ्यात शेजारच्या चेअरवर टाके काढून होतात. चेअरच्या नावाने वेगवेगळी कॅलेंडरं करून हे भागवता येतं, आम्हीही भागवलं. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, गणित मात्र तिन्ही प्रकारांच्या बाहेरच राहतं. 134 अंशाला निर्जंतुकीकरण काही मिनिटांत होतं, पण तापणं आणि सुकणं धरून एक फेरी सहज अर्ध्या-पाऊण तासावर जाते. हँडपीस (दात कोरायचं हातातलं यंत्र) मोजकेच असतील तर लागोपाठ तीन रूट कॅनाल लावू नयेत हे माणसानेच लक्षात ठेवायचं.

इथपर्यंत सामना बरोबरीचा होता. माझ्यापुरता निर्णय झाला तो रद्द झालेल्या अपॉइंटमेंटवरून. दिलेल्या अपॉइंटमेंटची काळजी सगळेच घेतात. मोडलेल्या अपॉइंटमेंटला वाली नसतो.

रूट कॅनालचंच बघा. पहिल्या सिटिंगला नस काढली, आत औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं. दुखणं थांबलं. आणि दुखणं थांबलं की पेशंटची घाईही संपते. "जरा गडबडीत आहे, मीच फोन करतो" म्हणून तो पुढची वेळ रद्द करतो. वहीत त्याच्या नावावर रेघ पडते, दुसऱ्या दिवशी पान उलटतं, विषय संपला. कॅलेंडरमध्ये डिलीट केलं की रेघसुद्धा उरत नाही. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांच्या बोलीवर लावलेलं असतं. पुढे ते झिजतं, कडेने लाळ आणि जंतू आत जातात, आणि वर कॅप नसलेला पोकळ दात एखाद्या दिवशी चावताना तडकतो. तडा मुळात उतरला असेल तर दात काढण्यावाचून इलाज नाही. मग पेशंट सगळीकडे सांगतो, रूट कॅनाल केलं आणि दात गेला! त्याच्या बाजूने बघितलं तर ते खोटंही नाही.

लॅबमधून येऊन ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या कॅपचंही तेच. मधल्या काळात शेजारचे दात किंचित सरकतात आणि मापाची कॅप बसेनाशी होते. इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी बसवलेलं कृत्रिम मूळ, हाडात पक्कं व्हायला साधारण 3 ते 6 महिने द्यावे लागतात. ती तारीख अनेकदा पुढच्या वर्षाच्या वहीत येते, आणि ती वही अजून आणलेलीच नसते.

सॉफ्टवेअरमध्ये, निदान मी घेतलेल्यात, रद्द झालेलं पण नवी तारीख न मिळालेलं प्रत्येक नाव एका वेगळ्या यादीत जाऊन बसतं आणि नवी वेळ मिळेपर्यंत हलत नाही. दुपारी वर्दळ कमी असते तेव्हा रिसेप्शनवरून त्या यादीतल्या लोकांना फोन जातात. ऐन वेळी एखादा स्लॉट रिकामा झाला तर तो भरायलाही तीच यादी कामाला येते. आकडे मी मांडून ठेवलेले नाहीत, पण अर्धवट सोडलेला दात घेऊन कित्येक महिन्यांनी उगवणारे पेशंट आता क्वचित दिसतात.

बाकी बाबतींत सॉफ्टवेअर मला डोक्यावर घेण्याइतकं आवडत नाही. फोनवर बोलता बोलता नोंद करायला ते वहीपेक्षा हळूच आहे. पेशंटने स्वतः ऑनलाइन वेळ घ्यायची सोय तर मी जवळजवळ बंदच केली. लोक पंधरा मिनिटांची "तपासणी" घेतात आणि गाल सुजवून येतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपल्याला काय झालंय हे कळायलाच तर ते येतात. आता फक्त नव्या पेशंटची पहिली भेट तशी मिळते. आदल्या दिवशीचा आठवणीचा मेसेज चांगला, पण त्यात उपचाराचं नाव घालू नका, घरात फोन दुसऱ्याच्याही हातात असतो. आणि तासाभराच्या कामासाठी मेसेजवर न विसंबता फोनच करावा.

एकच चेअर असेल, स्वतःच डॉक्टर आणि पेशंट बहुतेक ओळखीचे, तर वही सोडायची घाई कशाला? शेवटची काही पानं "अर्धवट" म्हणून राखून ठेवा, रेघ मारण्याआधी नाव तिथे उतरवा. शिस्त टिकली तर तेवढ्यात भागतं, फक्त वही बदलताना ती नावं पुढे न्यावी लागतात. कॅलेंडर मी तरी शेवटचा पर्याय मानेन. दुसरी चेअर आली किंवा बाहेरचे डॉक्टर येऊ लागले, की सॉफ्टवेअरकडे वळायला हरकत नसावी.

डेमोला विक्रेता रंगीत आलेख दाखवत बसेल. त्याला एक खोटा पेशंट तयार करायला सांगा, रूट कॅनालची दुसरी सिटिंग द्या, ती रद्द करा आणि पुढच्या आठवड्याचं पान उघडून विचारा, हे नाव आता मला कुठे दिसेल? "सर्च करा" असं उत्तर आलं तर आपली वही बरी. दिसलं, तर दुसरा प्रश्न विचारा: उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडायचं ठरवलं, तर सगळे पेशंट आणि त्यांच्या तारखा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का? हे पैसे भरण्याआधी करून दाखवायला सांगा.