लिंगभाव अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम : कसदार, पण संख्याशास्त्रात तोकडा

हा अभ्यासक्रम म्हणजे नुसते मतप्रदर्शन, हा समज पहिल्याच सत्रात मोडीत निघतो. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते म्हणून अमेरिकी औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावली, या उदाहरणावरून औषधांच्या चाचण्यांसाठी नमुना म्हणून कोणाला निवडले जाते, हे प्राध्यापकांनी नेटाने तपासायला लावले. आरोग्य वा धोरणक्षेत्रात काम करणाऱ्यांचे शुल्क एवढ्यानेच वसूल होते. बिनपगारी घरकामाच्या वेळनोंदीचे प्रात्यक्षिक तर फारच उत्तम. स्वयंपाक करता करता मुलाचा अभ्यास घेणे कोणत्या रकान्यात भरायचे, यावर तासभर खल झाला. संख्याशास्त्र मात्र उरकल्यासारखे शिकवतात आणि वाचनयादी (बहुधा कोणीच पुरी न केलेली) अवाढव्य आहे.