फोटोवरून लॅब रिपोर्ट, आणि त्यात आमची चिंगी 'मेल'

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्या. १४,५४८ रुपये. मांजराच्या हनुवटीवरच्या काळ्या ठिपक्यांपायी.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरात चार यंत्रमाग. चिंगी आमची गावठी, पांढरीशुभ्र, दिवसभर मागाखाली पडून असते. तिच्या हनुवटीला काळं दिसायला लागलं तेव्हा मागाचं ग्रीस लागलंय म्हणून आठ दिवस मीच पुसत होतो. जात नव्हतं. कॉफीची पूड चिकटावी तसे बारीक कण. मग दोन ठिकाणी लाल फोड आले. मुलगी सातवीत, मांजराला कुशीत घेऊन झोपणारी. ती रडायला लागली.

रात्री मोबाईलवर एक रील आलं. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, स्वच्छ मराठी. तिथंच मी विरघळलो. आमच्याकडे औषधाच्या चिठ्ठीपासून लाईटबिलापर्यंत सगळं कन्नडमध्ये. कुणी शांतपणे मराठीत समजावून सांगितलं की माणूस अर्धा तिथंच विश्वास ठेवतो. सल्ल्याची फी ४९९. फोटो पाठवला. उत्तर आलं, 'घातक फंगस आहे, पंधरा दिवसांत जबडा सडेल, घरातल्या मुलांना लागेल.' पुढे तपासणीचे १,२००.

आता हे वाचा. तपासणी कशाची? त्यानं काही घेतलं नव्हतं. ना केस, ना त्वचा. तासाभरात पीडीएफ आली. वर शिक्का, खाली सही, मध्ये तक्ता, आणि त्या तक्त्यात छापलेलं: पर्शियन, मेल, वय दोन वर्षं. आमच्या चिंगीनं तोवर तीन वेळा पिल्लं घातली होती! मी ती ओळ वाचली. वाचली म्हणजे खरंच डोळ्यांनी वाचली, बायकोलाही दाखवली. ती म्हणाली, "असूंदे ओ, टायपिंगची चूक असंल." मीही मान हलवली. आजही रात्री जाग आली की तो 'मेल' शब्द समोर येतो. दारात बसलेल्या शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं.

पण तेव्हा माझ्या डोक्यात पोरगी होती. तुमच्या पोरीला 'लागेल' म्हटल्यावर तुम्ही व्याकरण तपासत बसला असता काय?

किटचे २,८५०. सहाव्या दिवशी कुरिअरनं एक बाटली आणि एक पावडर. बाटलीवर 'हर्बल' एवढंच. काय घातलंय, कुणी केलंय, काही नाही. असली बाटली फोडूसुद्धा नका. वास निलगिरीसारखा उग्र. सांगितल्याप्रमाणे चोळलं. चिंगीनं चाटलं. दोन तासांत तोंडाला लाळ, मागचे पाय लटपटायला लागले, उभी राहीना. मी फोन केला, तर म्हणतो, 'विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे, पण आता उताऱ्याचा कोर्स लागेल.' ३,६०० आणखी. घाबरलो होतो, भरले.

बायकोनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि टोपलीत मांजर घातलं. रात्री साडेनऊला एका जनावरांच्या डॉक्टरांनी दार उघडलं, हे त्यांचे उपकार. बाटली हुंगली आणि म्हणाले, टी ट्री तेल असणार, मांजराला हे विष. सौम्य साबणानं अंग धुतलं, ऊब दिली, सलाईन लावलं. १,४०० घेतले. या एका रकमेचं मला दुःख नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हनुवटीची त्वचा जराशी खरवडून काचपट्टीवर बघितली. फंगस नाही, किडेही नाहीत. माणसाला मुरुम येतात तसा मांजराच्या हनुवटीचा मुरुम. केसांच्या मुळाशी तेल आणि मळ साठून काळा होतो. तो दाबून फोडायचा नाही. कोमट पाण्यात भिजवलेला कापड दिवसातून दोनदा धरायचा, त्यांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं पुसायचं. फोड पिकले तरच मलम किंवा गोळ्या, त्याही डॉक्टरांकडूनच. पोरांची मुरुमाची क्रीम लावू नका, मांजर चाटतं. मग विचारलं, दूध कशात देता? प्लॅस्टिकच्या वाटीत. म्हणाले, असल्या वाटीला ओरखडे पडतात, त्यात जंतू राहतात. स्टीलची वाटी घ्या, रोज घासा. स्टीलची वाटी! आमच्या मांडणीवर वीस आहेत.

इथं थांबलो असतो तर ९,५४९ वर निभावलं असतं. पण पैसे परत मागितले, पोलिसांची धमकी दिली. तो एकदम नरमला, माफी मागितली, क्यूआर पाठवला, 'स्कॅन करून पिन टाका, ४,९९९ परत येतील, बाकीचे उद्या.' पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं. दुकानदारांना मीच सांगत असतो. रागात माणूस आंधळा होतो, दुसरं काय. तेही गेले, नंबर बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. "मांजरासाठी?" पलीकडच्या टेबलावरचाही हसला. अर्ज कन्नडमध्ये आणा. बाहेर दोनशे देऊन लिहून आणला (हे हिशेबात धरलेले नाहीत). मग म्हणे, खातं महाराष्ट्रातलं दिसतंय, तिकडं जावा. तिकडच्या ठाण्याला फोन केला, तर फिर्यादी कर्नाटकातला, तिकडंच द्या. सत्तर वर्षं दोन्ही राज्यांना बेळगाव पाहिजे, पण बेळगावच्या माणसाची तक्रार एकालाही नको! हद्द कुठलीही असो, ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, तसं लिहिलंय. मी ते मोबाईलवर दाखवलं. साहेब जेवायला गेलेत म्हणाले. तीन खेपा, तीन दिवसांचा माग बंद, त्याची भरपाई कोण देणार? बँकेत तर सरळ सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी चौथ्या दिवशी फोन केला. तुम्ही त्याच मिनिटाला करा, ठाण्याची पायरी नंतर चढा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी तक्रार पोचली तरच ते अडवता येतात. माझे केव्हाच सरकले होते.

चिंगी बरी आहे. हनुवटीला अधूनमधून दोन-चार ठिपके येतात, कापड धरला की जातात.

गेल्या आठवड्यात पोरगीनं फोन पुढं केला. तोच पांढरा कोट, नवीन नाव. 'उपचाराआधी' म्हणून फोटो लावलाय तो आमच्या चिंगीचा, मागं आमच्या मागाचा पाय दिसतोय. 'उपचारानंतर'च्या फोटोत एक पर्शियन बोका.