अल्टो की टेनर? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी अल्टो आणि त्याहून मोठा टेनर हे दोन्ही सॅक्सोफोन आलटूनपालटून वाजवत असून, अधूनमधून अल्टोहून लहान सोप्रानो आणि टेनरहून मोठा बॅरिटोनही हाताळायला मिळाले. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे, की आकारमान हा ओळखीचा सर्वांत कच्चा निकष आहे. दोन वाद्ये शेजारी ठेवली तर लहानमोठे कळते. एकट्या वाद्याच्या छायाचित्रावरून मात्र काहीच कळत नाही.

खरी ओळख नेकवर, म्हणजे माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) ज्या वाकड्या नळीवर बसतो तिच्यावर होते. अल्टोची नेक थोडी वर जाऊन जवळजवळ काटकोनात वादकाकडे वळते. टेनरची नेक वर चढते, मध्ये किंचित खाली दबते आणि मग पुढे येते; बदकाच्या मानेला असतो तसा तो बाक एकदा डोळ्यांत बसला की लांबूनही टेनर ओळखता येतो. सोप्रानो बहुधा सरळ असतो, पण वाकडा सोप्रानोही मिळतो आणि तो छोट्या अल्टोसारखा दिसल्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते. बॅरिटोनच्या बाबतीत प्रश्नच येत नाही, कारण त्याच्या नळीला वरच्या टोकाशी एक पूर्ण वेढा असतो. आजच्या बहुतेक बॅरिटोनना खालच्या ए स्वराची जादा कळही असते.

बोटांची मांडणी मात्र चारही वाद्यांत जवळपास सारखीच आहे. सॅक्सोफोनचे निर्माते अडॉल्फ सॅक्स यांनी 1846 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतले ते एका वाद्याचे नव्हे, तर पूर्ण कुटुंबाचे, आणि त्याचा फायदा आजही मिळतो : अल्टोवर बसलेला हात टेनरवर नव्याने बसवावा लागत नाही. फरक पडतो तो पट्टीत. कागदावरचा सी, म्हणजे पांढरी एक, अल्टोवर आणि बॅरिटोनवर ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन, ऐकू येतो, तर सोप्रानोवर आणि टेनरवर बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. त्यामुळे एकच स्वरलिपी अल्टो आणि टेनरवर एकत्र वाजवली, तर अल्टो टेनरच्या वर षड्ज-मध्यम अंतरावर वाजतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच खटकते.

वाजवताना जाणवणारा फरक मला याहून महत्त्वाचा वाटतो. अल्टोला फुंकर बेताची लागते आणि स्वर चटकन उमटतो. टेनरला श्वास जास्त लागतो, ओठांची पकड सैल ठेवावी लागते, आणि अल्टोच्या सवयीने ओठ आवळले की खालचे स्वर फुटतात. सुमारे अडीच किलोचा अल्टो तासभर सहज पेलतो. टेनर त्याहून जवळपास एक किलोने जड असल्याने साध्या गळपट्ट्याने मान अवघडते, म्हणून खांद्यावरचा पट्टा घेणे उत्तम. सोप्रानो दिसायला सोपा, पण सुरात ठेवायला सर्वांत हट्टी. नवशिक्याने त्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रीड (माउथपीसला लावायची, कंप पावणारी पातळ पट्टी) आणि माउथपीस प्रत्येकाचे वेगळे असतात, तेव्हा रीडच्या डबीवरचे नाव वाचल्याखेरीज ती घेऊ नये.

जुने वाद्य घेणाऱ्यांनी आणखी एका भावंडाची माहिती ठेवावी. 1920च्या दशकात सी मेलडी नावाचा सॅक्सोफोन बराच लोकप्रिय होता. तो अल्टोपेक्षा मोठा आणि टेनरपेक्षा लहान असून काहींची नेक अल्टोच्या वळणाची, तर काहींची टेनरच्या वळणाची असल्याने इथे वर सांगितलेली खूण चालत नाही. अशा वेळी सी ची बोटे ठेवून स्वर लावावा आणि ट्यूनरकडे, म्हणजे स्वराचे नाव दाखवणाऱ्या यंत्राकडे, पाहावे : ई फ्लॅट दिसला तर अल्टो, बी फ्लॅट दिसला तर टेनर, आणि सी च दिसला तर हातात सी मेलडी आहे, मग विकणारा त्याला काहीही म्हणो.