लग्नाचा केक ठरवताना: फ्रूट केक, चॉकलेट की क्रीमचा स्पंज?

लग्नाचा केक ठरवायला बेकरीत गेलेल्या जोडप्यापुढे सर्वांत आधी छायाचित्रांची वही येते, त्यानंतर दहा-बारा स्वादांची यादी येते आणि केक कुठे, किती वाजता कापणार हे पैसे ठरल्यावर, जवळजवळ निघता निघता विचारले जाते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. केक बेकरीतून निघाल्यापासून त्यावर सुरी फिरेपर्यंत किती तास जाणार, ते तास कोणत्या हवेत जाणार आणि कापलेला तुकडा पाहुणे नेमका कधी खाणार, या तीन गोष्टी आधी कागदावर मांडल्या, तर यादीतील निम्मे स्वाद आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून मनासारखा निवडणे सोपे होते.

उदाहरण म्हणून वसईतील कॅथलिक लग्न घेऊ, कारण तेथे केक हा हौसेचा जादा पदार्थ नसून रिसेप्शनचा मानाचा भाग असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत लग्ने सहसा लावली जात नाहीत, त्यामुळे ती एकतर नाताळानंतरच्या थंडीत होतात किंवा ईस्टर उलटल्यावर एप्रिल-मेच्या दमट उन्हाळ्यात. दुपारी मिस्सा, म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधी, मग छायाचित्रे, मग घरी जाऊन येणे आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास हॉलमध्ये वधूवरांचे आगमन, असा दिवस असतो. सजावटवाल्यांच्या सोयीसाठी केक मात्र सहाच्या आतच मंचावर मांडला जातो. म्हणजे तीन तास दिव्यांच्या झोतात, बहुतेक वेळा उघड्या लॉनवर. जानेवारीत हे तीन तास निभावतात, मे महिन्यात निभावतीलच असे नाही.

माझ्या भाचीच्या लग्नात हे फार जवळून पाहिले. मे महिन्यातील दोनमजली, ताज्या क्रीमचा, अननसाचा केक होता आणि चवीला उत्तम असल्याची खात्री आम्ही आठवडाभर आधी, बेकरीच्या वातानुकूलित खोलीत बसून करून घेतली होती. वधूवर यायला पावणेनऊ झाले. तोवर वरचा मजला बोटभर डावीकडे झुकला होता, कडेच्या क्रीमच्या फुलांना घाम फुटला होता आणि भाचीचे मामा केकच्या मागे उभे राहून, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, तळाच्या पाटाखाली कागदी रुमालांच्या घड्या सारत होते. छायाचित्रात ते नम्रपणे वाकून उभे असल्यासारखे दिसतात. दोष एकट्या बेकरीचा नव्हता. आम्ही वेळ सांगितली नव्हती आणि त्यांनी ती विचारली नव्हती.

आता एकेक पर्याय पाहू. सर्वांत जुना, आणि आज तरुण जोडप्यांना सर्वांत नकोसा वाटणारा, म्हणजे सुक्या मेव्याचा रिच फ्रूट केक. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची पाकवलेली साल आणि टूटीफ्रुटी यांना महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ रममध्ये मुरवायचे, साखर जाळून केलेल्या कॅरॅमलने रंग आणायचा, दालचिनी, लवंग आणि जायफळाची पूड घालायची आणि मंद आचेवर दीड-दोन तास भाजायचे, अशी ही रीत. साखर आणि मद्य दोन्ही भरपूर आणि मोकळे पाणी कमी, म्हणून हा केक दिवसांनी नव्हे तर आठवड्यांनी टिकतो आणि मुरत जातो तसा चवीला चढतो. त्यावर मार्झिपानचा थर आणि वर रॉयल आयसिंग, म्हणजे पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून केलेला, वाळून कडक होणारा पांढरा लेप. गोव्यात आणि मुंबई-वसईकडे मार्झिपान बदामाऐवजी बहुधा काजूचे असते: काजूपूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि थोडे गुलाबपाणी. हा थर केवळ चवीसाठी नसतो. खालच्या काळ्या केकचा रंग आणि तेलकटपणा वरच्या शुभ्र आयसिंगवर उतरू नये म्हणून तो मध्ये लागतो. पैसे वाचवण्यासाठी मार्झिपान गाळले, तर लग्नाच्या दिवशी पांढऱ्या केकवर पिवळट डाग पडण्याची शक्यता राहते.

या केकला वेगळे फिलिंग लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. घसरेल असे मध्ये काही नाही, आंबेल असे काही नाही, आणि स्पंज इतका घट्ट की तीन मजले चढवूनही तळाचा थर दबत नाही. तुकडाही लहान पुरतो. लग्नाच्या आदल्या रात्री माझी मावशी हे तुकडे करायला बसायची: गरम पाण्यात बुडवलेली लांब सुरी, प्रत्येक काप घेतल्यावर ओल्या फडक्याने पुसलेली, दोन बोटे रुंदीचा तुकडा, तो आधी बटर पेपरमध्ये आणि मग चंदेरी कागदात. मंचावरचा केक कापण्यापुरता असे आणि पाहुण्यांच्या हातात पडे ती ही पुडी. ज्यांना जेवणाआधी गोड नको, ते ती खिशात घालून घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खात. क्रीमच्या केकला हे सुख नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. लहान मुले हा केक बहुधा बाजूला सारतात. रम न चालणारे पाहुणे असतील तर मेवा संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात भिजवता येतो, पण मग टिकाऊपणा बराच कमी होतो. रॉयल आयसिंग वाळून इतके कडक होते की वधूवरांची सुरी पहिल्या प्रयत्नात आत जात नाही. थोडे ग्लिसरीन घातले की ते मऊ राहते, आणि हे बेकरला आधीच सांगावे. शिवाय फेब्रुवारीतील लग्नासाठी जानेवारीच्या अखेरीस ऑर्डर देऊन उपयोग नाही, कारण मेवा तेव्हाच भिजायला पडला असेल तर तो मुरलेला नसतो.

दुसरा पर्याय म्हणजे हलका स्पंज आणि क्रीम, म्हणजे व्हॅनिला, अननस, आंबा, स्ट्रॉबेरी ही सगळी मंडळी. येथे एक शब्द तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडे ‘फ्रेश क्रीम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच केकवर दुधाचे क्रीम नसून वनस्पती तेलापासून बनवलेले व्हिप टॉपिंग असते. दुधाचे क्रीम जिभेवर विरघळते. टॉपिंग टाळूला किंचित चिकटून राहते. चवीत दुधाचे क्रीम सरस, तग धरण्यात टॉपिंग सरस, आणि मे महिन्यातील लॉनवर मी चवीचा आग्रह सोडून टॉपिंग स्वीकारेन. दुधाच्या क्रीमचा केक उष्ण हवेत दोन तासांहून अधिक बाहेर ठेवणे खाण्याच्या दृष्टीनेही सुरक्षित नाही, आणि पारा बत्तीस अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासावर येते.

फळांच्या बाबतीत अननस आणि आंबा यांत मोठा फरक आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते, ते दुधातील प्रथिने तोडते आणि काही तासांत क्रीमला कडवट चव येते. क्रीम घट्ट करायला घातलेले जिलेटिनही त्यामुळे धरत नाही. शिजवलेला किंवा डब्यातील अननस वापरला तर ही अडचण राहत नाही, म्हणून ‘आम्ही ताजाच अननस घालतो’ असे कोणी अभिमानाने सांगितले तर आनंद मानण्याऐवजी तो शिजवता का, असे विचारावे. आंब्याला तो दोष नाही, आणि एप्रिल-मेच्या लग्नाला हापूसचा हंगामही नेमका जुळतो. पण कापलेल्या फोडी साखरेच्या संगतीत पाणी सोडतात आणि स्पंज तळाशी लगदा होतो. त्यावर उपाय घरोघरी माहीत असलेलाच आहे: आंब्याचा रस कढईत आटवून घट्ट करायचा आणि तोच थरांमध्ये पसरायचा. त्याच्या कडेने घट्ट बटरक्रीमची, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेल्या क्रीमची, एक कड काढली, भातखाचराला बांध घालतात तशी, की वरच्या मजल्याच्या वजनाने रस बाहेर येत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यातील लग्नाला छान, मात्र तिचीही जॅमसारखी शिजवलेली आवृत्तीच आत घालावी आणि ताजी फळे फक्त वर मांडावीत.

तिसरा पर्याय चॉकलेटचा. पाहुण्यांत मुले आणि तरुण अधिक असतील, तर याला विरोध करणारा सहसा कोणी भेटत नाही. चॉकलेट केकचे फिलिंग तीन प्रकारांनी होते: क्रीम आणि चेरीचे ब्लॅक फॉरेस्ट, मूस (फेटलेल्या क्रीमने हलके केलेले चॉकलेट) आणि गनाश. पहिल्या दोघांना वर सांगितलेली क्रीमची सगळी पथ्ये लागू होतात, मूसला तर अधिकच. गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेले चॉकलेट, आणि लग्नाच्या केकसाठी माझा कौल त्यालाच आहे. दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम हे प्रमाण धरले की ते घट्ट बसते; पांढरे चॉकलेट असेल तर तीन भागांस एक, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक चॉकलेट लागते. चॉकलेट कोणते, हेही महत्त्वाचे. खऱ्या चॉकलेटमधील कोको बटर साधारण चौतीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते जिभेवर विरघळते आणि दुर्दैवाने मेच्या दुपारी टेम्पोतही विरघळते. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते. ते स्वस्त पडते, उन्हात टिकते, पण तोंडात मेणासारखे राहते. आत खरे आणि बाहेरच्या सजावटीला कंपाउंड, अशी वाटणी करणारे बेकर मला शहाणे वाटतात.

बाहेरच्या आवरणाबद्दल थोडक्यात. बटरक्रीम देखणे असते, पण लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांना वितळते, एवढे लक्षात ठेवले की कोकणपट्टीत ते कधी टाळावे हे वेगळे सांगायला नको. फोंडंटला, म्हणजे केकवर पोळीसारख्या लाटून घातलेल्या साखरेच्या आवरणाला, उष्णतेपेक्षा दमटपणाचे वावडे आहे; फ्रिजमधून काढलेला फोंडंटचा केक दमट हॉलमध्ये आणला की त्यावर दव धरते आणि रंग ओघळतात. पुण्या-नगरकडच्या कोरड्या हवेत हा त्रास बराच कमी. चवीसाठी फोंडंट निवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हिंदू घरांतील रिसेप्शनलाही आता केक कापला जातो आणि तेथे प्रश्न वेगळा असतो, कारण बुफेमध्ये गुलाबजाम, आइस्क्रीम आणि जिलेबी आधीच हजर असतात. अंडे न खाणारे पाहुणे बरेच असल्याने केक बिनअंड्याचा असावा, यात वाद नाही. कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घालून तो उत्तम होतो, पण अंड्याच्या स्पंजपेक्षा ठिसूळ असतो. म्हणून मजल्यांचे वजन स्पंजवर न टाकता आतल्या आधाराच्या काड्यांवर टाकले आहे ना, याची खात्री करावी. मूसमध्ये प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन आहे की समुद्री शेवाळापासूनचे शाकाहारी अगर-अगर, हेही विचारावे. सध्या मागणी असलेला रसमलाई केक, केशर-वेलचीच्या दुधात भिजवलेला आणि वर रसमलाईच्या चकत्या लावलेला, मला मनापासून आवडतो, परंतु दुधाने ओला असल्याने या यादीतील सर्वांत नाजूक केक तोच आहे. घरच्या साखरपुड्याला तो शोभतो. तीनशे माणसांच्या लॉनवर, तेही मजले चढवून, तो मागवू नये.

किमतीची तुलना करताना किलोचा भाव फसवा ठरतो. फ्रूट केकचा किलोचा भाव अधिक असतो आणि तो जड असल्याने एका किलोचा आकारही लहान दिसतो. पण त्याचा तुकडा पस्तीस ग्रॅमचा पुरतो, तर क्रीमच्या केकचा ऐंशी ग्रॅमच्या आत समाधान करत नाही. तीनशे पाहुण्यांना पहिला साडेदहा किलो लागेल, दुसरा चोवीस किलो. हा गुणाकार केल्यावर दोन्ही रकमा जवळ येतात, आणि काही वेळा फ्रूट केकच स्वस्त पडतो.

ज्यांचे घरात एकमत होत नाही, त्यांनी दोन केक करावेत. यात कमीपणा नाही. 2011 मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांच्या लग्नात आठमजली फ्रूट केक होता आणि नवऱ्याच्या आवडीखातर चॉकलेट-बिस्किटांचा दुसरा केकही होता. 2018 मध्ये त्यांचे बंधू हॅरी यांनी फ्रूट केकची परंपरा बाजूला ठेवून लिंबू आणि एल्डरफ्लॉवर या सुवासिक फुलाच्या स्वादाचा स्पंज निवडला. मे महिन्यातील वसईच्या लग्नासाठी मी मंचावर दोन मजले थर्माकोलचे आणि कापण्याचा एक मजला फ्रूट केकचा ठेवेन, तर पाहुण्यांसाठी गनाश भरलेले चॉकलेटचे सपाट केक स्वयंपाकघरातच कापून ताटलीत मांडायला सांगेन. जानेवारीत लग्न असेल तर स्ट्रॉबेरीला आनंदाने होकार देईन.

कोणताही पर्याय निवडला, तरी चव बेकरीत बसून पाहू नये. थर, फिलिंग आणि आवरण यांसह अर्धा किलोचा नमुना पैसे देऊन मागवावा, संध्याकाळी सहा वाजता घराच्या गच्चीवर जाळीखाली झाकून ठेवावा आणि नऊ वाजता, पंखा न लावता, कापावा.