दादाच्या औषधाच्या नावाखाली ३,६०,२५० रुपये गेले

तीन लाख साठ हजार दोनशे पन्नास रुपये. चार हप्त्यांत, एकोणीस दिवसांत. त्यातले दोन लाख आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते. नवऱ्यालाही पूर्ण आकडा परवा कळला. लाज वाटते, तरी लिहिते आहे, कारण आम्हाला फसवणारा तो माणूस अजून कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला असणार.

दादा अडतीस वर्षांचा आहे, दिसतो साठीचा. दहावीनंतर उंची वाढली नाही. बाविसाव्या वर्षी केस पांढरे, एकतिसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मग शुगर, आवाज चिरका झाला, टाचेची जखम दोन वर्षं भरत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे बघितले, शुगरवाल्यांनी शुगर, सर्जननी जखम साफ केली. या सगळ्याची एकत्र मोट बांधायला मोतीबिंदूनंतरही सात वर्षं गेली. शेवटी जेनेटिक्सच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, वर्नर सिंड्रोम, म्हणजे शरीर अकाली म्हातारं होण्याचा आजार. डब्ल्यूआरएन जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. रिपोर्ट आला त्या दिवसापासून आई दादाकडे नीट बघत नाही. ठग नेमका तिथूनच आत शिरला.

डॉक्टरबाई खरं तेच बोलल्या होत्या. मुळावर औषध नाही. शुगर, हृदय आणि पाय सांभाळा, कॅन्सरची तपासणी चुकवू नका, तीन महिन्यांनी या. पण ज्या घरात अडतीस वर्षांचा माणूस जिना चढताना बसतो, त्या घराला 'तीन महिन्यांनी या' कसं पुरणार?

बाहेर रांगेत शेजारी बसलेल्या माणसाने फाइल पाहून विचारलं, "ताई, कुणाला आहे?" त्याच्या भाचीला हेच होतं म्हणे, अमेरिकेच्या गोळ्यांनी फरक पडला. आधी नोंदणीचे ११,५००. मग परदेशी तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलण्याचे ३८,०००. कोट घातलेला गोरा माणूस अकरा मिनिटं बोलला, दादाला जीभ दाखवायला लावली. मग गोळ्यांचे २,६४,०००. शेवटी माल कस्टममध्ये अडकला म्हणून ४६,७५०.

औषधाचं नाव खोटं नव्हतं, म्हणून तर फसले. लोनाफार्निब. मी स्वतः शोधलं, नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत खरोखर मंजूर झालेलं. पण ते लहान मुलांच्या प्रोजेरियासाठी. त्यात बिघाड एलएमएनए या वेगळ्याच जनुकात असतो, त्यातून प्रोजेरिन नावाचं घातक प्रथिन साचतं, ते कमी करायला ही गोळी. दादाच्या शरीरात प्रोजेरिनचा प्रश्नच नाही. अकाली म्हातारपण एवढाच शब्द सारखा.

आणि हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर डावीकडे दादाचा रिपोर्ट होता, उजवीकडे त्यांचं माहितीपत्रक. एकावर डब्ल्यूआरएन, दुसऱ्यावर एलएमएनए. पत्रकावरचे फोटो केस नसलेल्या चिमुकल्या मुलांचे. माझा दादा दहावीपर्यंत कबड्डी खेळायचा! मी दोन्ही अक्षरांवर बोट ठेवून त्या ठगाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही एजिंगचेच जीन, एकाच खानदानातले." मी बीएस्सी झालेली बाई, आणि "बरं" म्हणाले. बरं! डॉक्टरबाईंना एक फोन केला असता तर गोळ्यांचे आणि कस्टमचे मिळून ३,१०,७५० वाचले असते. केला नाही, कारण त्या नाही म्हणतील हे मनात माहीत होतं.

रिपोर्टवरचं जनुक आणि औषध ज्याच्यासाठी आहे ते जनुक, अक्षर न् अक्षर जुळवा. परदेशी औषध स्वतःसाठी मागवायला डॉक्टरची चिठ्ठी आणि सरकारी परवाना लागतो. तो कागद मागा, समोरचा तिथेच गळतो.

डबी आलीच नाही. फोन बंद. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, दिवाणी बाब आहे. तिसऱ्या दिवशी, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, आधी तुमच्या हद्दीत अर्ज द्या. बँकेत सांगितलं, ओटीपी तुम्हीच टाकला. औषधांच्या सरकारी कार्यालयात तर औषधाचा नमुना मागितला. अहो, औषध मिळालंच नाही हीच तर तक्रार आहे! पाच खेपांत माझ्या चार रजा गेल्या. एकाने दादाचा फोटो बघून विचारलं, "हे तुमचे वडील का?" दादा शेजारीच उभा होता.

सायबर फसवणूक कळवायचा १९३० हा नंबर मला आठव्या दिवशी कळला. तोवर त्या खात्यात शिल्लक नव्हती. पैसे गेल्याचं कळताच आधी तिथे फोन करा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर.

अशा आजाराचे तज्ज्ञ म्हणजे मेडिकल जेनेटिक्सचे डॉक्टर. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात काही सरकारी रुग्णालयं उत्कृष्टता केंद्रं म्हणून ठरवली आहेत, मुंबईचं केईएम त्यांतलं एक. तिथे केस पेपर काढा. रांगेतल्या माणसाला फाइल दाखवू नका.

गेल्या मंगळवारी नव्या नंबरवरून फोन आला. तुमचे पैसे जप्त झालेत, परत मिळवायला ९,९०० भरा. नावासकट दादाच्या आजाराची माहिती होती त्यांच्याकडे. मी तो नंबर ठाण्यात नेऊन दिला. त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतला आणि चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली, जिथे आधीच बऱ्याच होत्या.